वर्गासाठी काढून घेतलेली फ्रान्स पोस्टची कॅनव्हास प्रिंट

फ्रान्स पोस्ट या जुन्या डच चित्रकाराचं ब्राझीलच्या नदीचं हे चित्र छापून घ्यायचं असेल तर फ्लेक्सवर घेऊ नका, कॅनव्हासवरच घ्या. फ्लेक्सवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की आभाळ चकाकतं, आणि या चित्रात आभाळच जास्त आहे. तालुक्याच्या प्रिंटिंगवाल्याने २४ बाय ३६ इंचाची प्रिंट लाकडी फ्रेमसकट १४०० रुपयांत करून दिली. मूळ चित्र साधारण ६२ बाय ९५ सेंटीमीटरचं. म्हणजे आमच्या पोरांसमोर ते जवळपास खऱ्या मापात आहे.

चित्र ब्राझीलमधल्या साओ फ्रान्सिस्को नदीचं, १६३९ सालचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं. फ्रान्स पोस्ट हा हॉलंडमधल्या हार्लेमचा, जन्म १६१२. डच वेस्ट इंडिया कंपनीने ब्राझीलचा ऊसपट्टा पोर्तुगिजांकडून हिसकावला. तिथला गव्हर्नर योहान मॉरिट्स १६३७ मध्ये पोचला तेव्हा चित्रकार आणि निसर्गाचे अभ्यासक त्याच्या पदरी होते, त्यांतच पोस्टही. पोस्ट १६४४ मध्ये मायदेशी परतला. अमेरिका खंडातला मुलूख तिथं राहून रंगवणारा पहिला शिकलेला युरोपीय निसर्गचित्रकार म्हणून त्याचं नाव घेतात.

नदीचं पात्र रुंद आणि संथ आहे. पलीकडच्या काठावर किल्ला आहे, पण तो इतका बारीक की शोधावा लागतो. अलीकडे उंच निवडुंग आणि त्याच्याजवळ एक जाडजूड, तपकिरी जनावर. सातवीतले पोट्टे एका सुरात ओरडले, "सर, हे तं रानडुक्कर होय!" सोयाबीन डुकरांनी खाल्लेल्या घरची ही लेकरं, त्यांना दुसरं काय सुचणार? मागच्या बाकावरची एक पोरगी मात्र उठून चित्राजवळ गेली, नाक निरखलं आणि म्हणाली, "डुकराची थुतनी अशी नसते जी." बरोबर. तो कॅपिबारा आहे, उंदीर-घुशीच्या कुळातला जगातला सगळ्यात मोठा प्राणी. तिला तो फरक ओळखता आला, कारण पोस्टने जनावर पाहून काढलंय. निवडुंगावर तर अर्धा तास गेला. आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर वाढणारं फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतून आलेलं, सीताफळ आणि पपईही तिकडचीच, हे ऐकून पोरं चाटच पडली.

छापताना एक सांभाळा. दुकानदार हमखास विचारतो, "रंग उठवून देऊ का?" नाही म्हणा. आमच्या पहिल्या नमुन्यात त्याने नदी निळीशार केली होती. मूळ चित्राचे रंग मवाळ, मातकट आहेत. पावसाळी दुपारी पैनगंगेच्या काठी उभं राहिलं की असाच उजेड दिसतो.

पोस्टची पुढची चित्रं मला एवढी भावत नाहीत. परतल्यावर तो हार्लेममध्ये बसून साधारण पंचवीस वर्षं ब्राझीलच रंगवत राहिला. गिऱ्हाइकांना अजबखाना हवा होता, म्हणून पुढचा कोपरा झाडंझुडपं आणि प्राण्यांनी गच्च भरायला लागला. प्रत्यक्ष ब्राझीलमध्ये रंगवलेली फक्त सात चित्रं आज माहीत आहेत. त्यातली काही मॉरिट्सने १६७९ मध्ये चौदाव्या लुईला नजर केली, म्हणून ती पॅरिसला आहेत. हार्लेमच्या अभिलेखागारात पोस्टने काढलेली प्राण्यांची ३४ चित्रंही सापडली. ती २०१६ मध्ये आम्स्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये मांडली होती.

चित्र लावलं तर पोरांना ऊसपट्ट्याचं खरंही सांगा. साखरेचे घाणे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर चालत. गुलामांचा पुरवठा तुटू नये म्हणून याच मॉरिट्सने १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला घ्यायला जहाजं धाडली. पोस्टच्या चित्रांत गुलाम दिसतात, पण त्यांचे हाल दिसत नाहीत. साहेबाने वऱ्हाडात खामगावला १८७० मध्ये रेल्वे आणली ती कापसासाठी, हे आमच्या पोरांना ठाऊक आहे. त्यामुळे कंपनीला ब्राझील कशाला हवं होतं, ते त्यांना लगेच उमगलं.

पैसे वसूल आहेत. मोठी फाईल इंटरनेटवर फुकट मिळते, खर्च फक्त छपाईचा. पुढच्या सत्रात पोस्टचंच १६३८ चं बैलगाडीचं चित्र काढून घेणार आहे, तेही कॅनव्हासवरच.