उद्यमबागेतल्या अण्णांकडनं बोटीचं वायरिंग: पैसे जास्त, वेळ जास्त, काम मात्र चोख

बेळगावात समुद्र नाही पण जुन्या बोटीचं वायरिंग आणि अर्थिंग नीट करणारा माणूस आपल्या उद्यमबागेत आहे हे सांगितलं की कारवारचे लोक पण हसतात. अण्णांचं रोजचं काम मोटर वाइंडिंग आणि पॅनेलचं, फाउंड्र्यांची कामं असतात, पण आधी गोव्याला बोटींच्या यार्डात होते त्यामुळं हे पण येतं. नाव आणि नंबर टाकू नका म्हणून त्यांनीच बजावलंय, हातातली कामंच उरकंनात म्हणतात, तेव्हा ते सोडून बाकी सगळं लिहितो.

बोट आमच्या दाजींची, सदाशिवगडला काळी नदीत असते. सेकंडहँड घेतलेली जुनी फायबरची, आत डिझेल इंजिन, १२ व्होल्टचं मूळ वायरिंग आणि त्यावर नंतर कुणीतरी चढवलेलं २३० व्होल्टचं, म्हणजे दोन टेबल फॅन, छोटा फ्रीजर, बॅटरीचा चार्जर, सगळं बोट लावायच्या धक्क्यावरनं केबल ओढून. धक्क्यावरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला की लाइट तोडणारा स्विच, सारखा पडायचा म्हणून आधीच्या वायरमननं तो बायपासच करून टाकलेला आणि तेव्हापासनं एकदम झकास चाललंय असं दाजींचं म्हणणं. फक्त प्रोपेलरमधलं जाळं काढायला पाण्यात उतरलेल्या पोराच्या हाताला मुंग्या आल्या, तेव्हा कुठं दाजींनी मला फोन केला.

अण्णांनी आल्यावर पेटीतनं स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. लीकेज बघायचा क्लॅम्प मीटर काढला आणि धक्क्यावरनं येणारी अख्खी केबल, सगळ्या वायरी एकत्र, त्याच्या जबड्यात धरली. जेवढा करंट बोटीत जातोय तेवढाच त्याच केबलमधनं परत आला तर मीटर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा एकमेकांना मारतात. आमचं १८० मिलीअँपिअर, फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आणखी वर. आरसीसीबी पडतो ३० ला. अण्णा म्हणाले, "सावकार, आरसीसीबी बरोबर होता की. एवढा करंट पाण्यातनं परत जाऊलालाय."

कारण काय तर धक्क्यावरच्या सॉकेटला अर्थच नव्हता, तिसरं भोक नुसतं शोभेला. मग त्या वायरमननं बोटीतल्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थला लूप मारून दिला, घराघरात पण असले लूप सापडतात, आणि वर "अर्थिंग दिलंय" म्हणून सांगितलं. आता बोटीत अर्थ इंजिनच्या ब्लॉकला जोडलेला असतो आणि ते बरोबरच आहे, पण ब्लॉकला गिअरबॉक्स, त्याला शाफ्ट, शाफ्टला प्रोपेलर आणि प्रोपेलर पाण्यात. म्हणजे न्यूट्रलनं परत जाणारा करंट अर्धामुर्धा नदीतनं जायला लागला. बरं हे त्यातल्या त्यात चांगले दिवस म्हणायचे. उद्या कुणी प्लगमध्ये दोन वायरी उलट्या लावल्या, आपल्याकडं त्याला वेळ लागत नाही, तर फेज थेट प्रोपेलरवर, आणि पाण्यातनं एमसीबी पाडण्याएवढा करंट वाहत नाही म्हणून एमसीबी पण गप्प बसणार.

यातला एक मुद्दा मला खरंच नवीन होता. खाऱ्या पाण्यात करंट माणसाला बराचसा वळसा घालून जातो कारण पाणीच अंगापेक्षा चांगलं वाहक, गोड्या पाण्यात उलटं, तिथं माणसाचं अंग जास्त खारट म्हणून करंट अंगातनं वाट काढतो. जीव शॉकनंच जायला पाहिजे असं नाही, हातपाय आखडतात आणि पोहता येणारा माणूस बुडतो, अंगावर भाजल्याची खूण पण नसते. म्हणजे काळीच्या तोंडाशी उन्हाळ्यात जी बोट चालून जाते तीच पावसाळ्यात नदी भरून गोडं पाणी खाली आलं की जास्त धोक्याची. हिडकल धरणात किंवा तिकडं चिकोडी-कागवाड भागात कृष्णेवर ज्यांच्या नावा आहेत आणि काठावरनं लाइट घेतात त्यांनी तर हे वाचाच.

अण्णांनी लूप काढला, धक्क्याजवळ वेगळा अर्थ पिट घेतला, तीन कोअरची रबरी केबल घातली, एक आरसीसीबी धक्क्यावर आणि एक बोटीत, दोन्ही ३० मिलीअँपिअरचे. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र फक्त जिथनं वीज तयार होऊन येते तिथं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, किंवा बोटीवरच जनरेटर असेल तर त्याला. बोटीतल्या बोर्डात कधीच नाही. दाजींना टेस्टचं बटण महिन्याला दाबायला सांगितलंय, दाबतात की नाही देव जाणे.

मधेच धक्क्यावरच्या एका मित्रानं सल्ला दिला की हिरवी म्हणजे अर्थची वायर कापून टाका, झिंक (बाकीचा धातू वाचावा म्हणून पाण्याखाली लावलेला तुकडा, त्यालाच अॅनोड म्हणतात) लवकर खातं ती. अण्णांनी कन्नडमध्ये जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. झिंक खातं हे खरं आहे, कारण त्या वायरनं शेजारच्या बोटींचं पाण्यातलं धातू आपल्या धातूशी जोडलं जातं आणि सगळ्यांची मिळून एक बॅटरी होते. पण त्याला इलाज वायर कापणं नव्हे, मधे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घालायचा, त्यातले डायोड साधारण सव्वा व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतात आणि फॉल्ट झाला तर करंट जाऊ देतात. आणि मचूळ पाण्याला झिंकपेक्षा ॲल्युमिनियमचे अॅनोड बरे, ते पण बदलून दिले.

१२ व्होल्टची बाजू बघून मात्र मलाच कसंतरी झालं. जुन्या घरात असते ती एका जाड तारेची वायर, पिळून टेप गुंडाळलेले जोड, टेप सोडला की आत हिरवी पूड. अण्णांनी ब्लेडनं वायर वीतभर सोलत नेली तरी तांबं काळंच, खार आतल्या आत चढलेला. एकेरी तार इंजिनच्या हादऱ्यानं तुटते ते वेगळंच. आता सगळी कल्हई केलेल्या तांब्याची बारीक तारांची वायर, क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले) लग, वर गोंदवाली हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. बॅटरीच्या प्लसपासनं सात इंचाच्या आत फ्यूज, कारण फ्यूजच्या आधीचा तुकडा कुठं घासला तर आग लागेपर्यंत तो थांबत नाही. बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, वायर मेन स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर, म्हणजे बोट बंद करून घरी गेलात तरी पाणी उपसत राहील.

आता तक्रारी. "परवा येतो" म्हणजे परवा नव्हे. मजुरी, सामान, जाण्यायेण्याचं पेट्रोल धरून ४० हजाराच्या वर गेलं, टिन्ड म्हणजे कल्हईची वायर महाग पडतेच पण आधी अंदाज सांगितला असता तर दाजींचं तोंड एवढं वाकडं झालं नसतं. डीसीच्या मायनसला पिवळी वायर घातलीय, घरच्या काळ्या न्यूट्रलशी गोंधळ नको म्हणून, पण आपल्याकडं वीज कंपनीवाल्यांना पिवळी म्हणजे फेज, मग बोर्डाच्या झाकणाला आतनं मोठी चिठ्ठी लावलीय. ती आणि सगळी लेबलं कन्नडमध्ये! दाजींना वाचता येतं, मी अक्षर जुळवत बसतो. मराठी पाहिजे असतील तर आधीच सांगून ठेवा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला म्हणून पण मागं लागले होते, त्यानं किनाऱ्याच्या वायरीचा आणि बोटीचा थेट संबंधच तुटतो, कल्पना उत्तम आहे पण वजन आणि किंमत बघून सध्या राहू दे म्हटलं.

काम झाल्यावर परत क्लॅम्प लावून दाखवला, फ्रीजर चालू असताना २ मिलीअँपिअर. आरसीसीबी आता पडत नाही. पाचातले चार स्टार, एक कापला तो तारखांसाठी.

बोलवायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सगळ्यांच्याच बोटी वर असतात आणि अण्णा अजिबात सापडत नाहीत, एप्रिलातच सांगून ठेवा. पैसे रोख घेतात, जीएसटीचं बिल पाहिजे तर सामान तुम्हीच आणून द्यायचं.