परीक्षा म्हणून दिलेलं फोल्डर आणि माझे गेलेले ४१ हजार

आण्णांचा फोन आला तेव्हा मी मिसळीवर कट ओतत होतो. शुक्रवारची सकाळ, साडेनऊ. आण्णा म्हणजे उद्यमनगरातले फौंड्रीवाले, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या डिस्पॅचचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. कास्टिंगचा टेम्पो गेटबाहेर पडला की बिल आपोआप पार्टीच्या मेलवर जातं. एरवी त्यांची सुरुवात "च्या झाला काय?" अशी असते. त्या दिवशी थेट म्हणाले, "आरं, तुझ्या सॉफ्टवेअरनं माझ्या पार्ट्यांना लोन वाटायला काढलंय काय? पुण्यातनं तिघांचं फोन आलं."

मी आधी हसलो. मग आदल्या रात्री साडेआठला आपण काय केलं होतं ते आठवलं आणि मिसळ तशीच ठेवून घरी आलो.

मी अकरा वर्षं हे काम करतोय, त्यातली पहिली पाच पुण्यात. आता राजारामपुरीत घरातल्याच एका खोलीत बसतो. ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, हे आख्ख्या भावकीला मीच सांगत असतो. तेव्हा 'एवढं कळत नाही काय' असं वाचताना वाटलं तर वाटू दे, मलाही तसंच वाटलं.

झालं असं. काम जरा थंड होतं म्हणून मी नोकरीच्या एका साईटवर 'घरून काम चालेल' असं टाकून ठेवलं होतं. मंगळवारी एका बाईंचा मेसेज आला. परदेशी कंपनी, कंपनी खरी, तिची वेबसाईटही खरी. पगार अव्वाच्या सव्वा नव्हता, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच माझा विश्वास बसला. गुरुवारी रात्री व्हिडिओ कॉल ठरला. समोर दुसरेच एक गृहस्थ होते. कॅमेरा बंद, म्हणे नेटवर्कचा त्रास आहे. दहा मिनिटं त्यांनी व्यवस्थित प्रश्न विचारले, अगदी कामाचे. मग म्हणाले, एक छोटा प्रोजेक्ट पाठवतो, त्यातलं एक पान फार हळू उघडतं, का ते शोधा. वीस मिनिटं. तुम्ही काम कसं करता ते आम्हाला बघायचंय, म्हणून स्क्रीन शेअर करा.

मी म्हटलं, उद्या निवांत बघून देतो. ते म्हणाले, नाही, सगळ्यांना सारखाच वेळ देतो.

आता इथं थोडं थांबतो, कारण सगळी गोम पुढच्या एका ओळीत आहे. मी फोल्डर उघडलं आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या खिडकीत, टाईप केलं: एनपीएम इन्स्टॉल.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली कुठलंही सॉफ्टवेअर कुणी पहिल्यापासून लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले कोडचे तयार तुकडे घेतात, त्यांना पॅकेज म्हणतात. ती जिथं ठेवलेली असतात ते कोठार आणि तिथून ती आणणारं साधन, दोन्हींचं नाव एनपीएम. तारीख नीट दाखवायला एक तयार पॅकेज, मेल पाठवायला दुसरं, पीडीएफला तिसरं. प्रोजेक्टमध्ये पॅकेज डॉट जेसन नावाची एक फाईल असते, तिच्यात या पॅकेजांची यादी असते. इन्स्टॉल म्हटलं की ती सगळी खाली उतरतात, त्या प्रत्येकाला लागणारी आणखी पॅकेजं उतरतात, आणि त्यांनाही लागणारी. त्या यादीत ३४ नावं होती. उतरली १,१८७.

मी अगदीच डोळे झाकून केलं नव्हतं, हे सांगायला हवं. ती फाईल मी उघडून बघितली. 'पोस्टइन्स्टॉल' नावाची एक सोय असते, म्हणजे पॅकेज उतरलं की आपोआप चालायचा हुकूम. तसा हुकूम मुख्य फाईलमध्ये नव्हता. मला बरं वाटलं. पण मुख्य फाईलमध्ये नसला तरी त्या १,१८७ पैकी कुणाच्याही स्वतःच्या फाईलमध्ये तो असू शकतो, आणि माझ्याकडच्या एनपीएममध्ये तोही न विचारता चालत होता. हे मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. पण समोर कुणीतरी घड्याळ लावून बसलेलं असताना माहीत असलेल्या गोष्टी कुठं जातात कुणास ठाऊक.

इन्स्टॉल संपल्यावर शेवटची ओळ आली. तिचा अर्थ असा की शून्य दोष सापडले. ते शून्य बघून मी निर्धास्त झालो. ती तपासणी काय करते? आधीच कुणीतरी कळवलेल्या, नोंद झालेल्या दोषांच्या यादीशी आपली पॅकेजं ताडून बघते. नऊ दिवसांपूर्वी चढवलेलं चोराचं पॅकेज त्या यादीत असणार कसं? पोलिसांच्या फलकावर फोटो नाही म्हणून समोरचा माणूस सज्जन, असा तो हिशेब.

बरं, मी त्या पानाचा दोषही शोधून दिला. एकच माहिती प्रत्येक ओळीमागे पुन्हा पुन्हा मागवली जात होती. सतरा मिनिटांत. ते गृहस्थ 'व्हेरी नाइस' म्हणाले, सोमवारी कळवतो म्हणाले. म्हणजे घरही लुटून दिलं आणि वर त्यांच्या दाराची कडीही दुरुस्त करून दिली.

शुक्रवारी घरी येऊन टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची यादी, उघडला, तर त्यात पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा प्रोग्रॅम चालू होता. मी या लॅपटॉपवर पायथन कधी टाकलंच नव्हतं. त्या पॅकेजनं आत आल्यावर स्वतःसाठी ते खाली उतरवून घेतलं होतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही पद्धत जुनी आहे. पालो आल्टो नेटवर्क्सच्या 'युनिट ४२' या शोधगटानं नोव्हेंबर २०२३ मध्येच तिच्यावर लिहिलंय. खोटी मुलाखत, परीक्षेचा प्रोजेक्ट, त्यात लपवलेलं एनपीएम पॅकेज, ते पॅकेज मग पायथनमधला दुसरा चोर आत घेतं. यामागं उत्तर कोरियाशी जोडलेले लोक असल्याचं त्यांचं म्हणणं. माझ्या बाबतीत नेमके तेच होते की त्यांची नक्कल करणारं कुणी, ते मला सांगता येणार नाही. पण पावलं तीच होती.

ते माझ्या लॉगिनखाली चालत होतं. म्हणजे जे मी वाचू शकतो ते सगळं त्याला वाचता येत होतं. आण्णांच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'डॉट ईएनव्ही' नावाची फाईल होती, तिच्यात मेल पाठवणाऱ्या सेवेची किल्ली, म्हणजे पासवर्डसारखाच एक गुप्त कोड. ती गेली, आणि रात्रीतून आण्णांच्या नावानं लोनच्या मेली सुटल्या. ब्राउझरमध्ये क्रिप्टोचं एक पाकीट होतं, एका परदेशी गिऱ्हाइकानं दिलेले पैसे त्यात पडून होते. साधारण ४१ हजार रुपये. पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी पाकीट रिकामं झालं होतं.

यानंतर मी केलेली चूक आधीच्या चुकीपेक्षा मोठी होती. घाबरून मी धडाधड पासवर्ड बदलायला बसलो. मेल, बँक, कोड ठेवायची जागा, सगळं. तासभर. आणि कुठून? त्याच लॅपटॉपवरून! चोर अजून माळ्यावर बसलाय आणि मी खाली त्याच्यादेखत नवी कुलपं लावतोय. संध्याकाळी बायकोनं सहज विचारलं, "पण ते अजून आत असंल तर?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वायफाय काढलं, तिच्या फोनवरून सगळे पासवर्ड दुसऱ्यांदा बदलले. नुसते बदलून भागत नाही, प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' हेही दाबावं लागतं. कारण चालू लॉगिनची खूण चोरीला गेली असेल तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. आण्णांच्या मेलची किल्ली रद्द केली. ती खरं तर सकाळी पहिल्या मिनिटाला करायला हवी होती. कोड ठेवतो तिथं पासवर्डशिवाय शिरायला वापरतो ती जुनी एसएसएच किल्ली काढली, गेल्या दोन दिवसांत माझ्या नावानं कुणी काही घुसवलंय का ते ओळ न ओळ बघितलं. लॅपटॉप फॉरमॅट केला.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. बँकेतून पैसे गेले असते तर समोरचं खातं गोठवायची धडपड करता येते, आणि त्यात लवकर फोन करण्याला फार किंमत असते. इथं मध्ये बँकच नव्हती. पाकिटाचा पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून दिला. पैशावर मी पाणी सोडलंय.

पैशापेक्षा आण्णांकडे जाणं जड होतं. त्यांच्या डोमेनवरून एवढा कचरा गेला होता की खरी बिलंही पार्ट्यांच्या स्पॅममध्ये पडायला लागली. आठ दिवस त्यांच्या ऑफिसातली पोरगी एकेक बिल व्हॉट्सअॅपवर पाठवत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला भट्टीकडं नेलं. बाजूला भंगाराचा ढीग होता, दोन माणसं त्यातनं एकेक तुकडा उचलून बघत होती. आण्णांनी ढिगातून बाजूला काढलेला एक चेपलेला डबा दाखवला, दोन्हीकडनं बंद. "ह्यात पाणी असंल नाय तर गॅस असंल. वितळलेल्या लोखंडात ह्यो पडला तर भट्टी माणसासकट उडती. भंगार कुणाकडनं घेतलं ते बघतोच आम्ही, पर आत टाकायच्या आधी फोडूनबी बघतो. तुमच्यात कोण बघतं?"

आमच्यात कोण बघतं? खरं उत्तर असं की बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी बघेल या भरवशावर सगळे असतात. २०१७ साली एनपीएमवर 'क्रॉस-ईएनव्ही' या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली मधली आडवी रेघ काढून कुणीतरी दुसरं पॅकेज चढवलं होतं. टाकणाऱ्याच्या मशीनवरच्या एन्व्हायर्नमेंटमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमांसाठी ठेवलेल्या सेटिंगमधल्या, किल्ल्या ते बाहेर पाठवायचं. पायथनवाल्यांकडे २०१९ मध्ये 'जेलीफिश' या पॅकेजची नक्कल सापडली. इंग्रजी नावातल्या एका छोट्या 'एल'च्या जागी मोठा 'आय' घातलेला. स्क्रीनवर दोन्ही नुसत्या उभ्या रेघा दिसतात. ते जवळपास वर्षभर तिथं पडून होतं. आणि नाव बरोबर असलं म्हणून सुटलो असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' ही जगभर वापरली जाणारी पॅकेजं सांभाळणाऱ्या माणसालाच खोटा मेल पाठवून फसवलं आणि खऱ्या नावाखाली विषारी आवृत्त्या चढवल्या. त्या काही तासांत पकडल्या गेल्या. म्हणून मी आता आठवडाभर जुनी झाल्याशिवाय कुठलीही नवी आवृत्ती घेत नाही. तेवढ्यात कुणी ना कुणी ओरडतं.

कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती उतरली याची नोंद ठेवणारी एक लॉक फाईल असते. तिच्याबद्दलही एक गैरसमज माझ्या ओळखीत बऱ्याच जणांचा आहे. लॉक फाईल आहे म्हणजे सुरक्षित. लॉक फाईल एवढंच बघते की काल जे उतरलं तेच आज अक्षर न अक्षर उतरेल. ती फाईल चोरानंच दिली असेल तर विषही तेवढ्याच इमानदारीनं उतरतं.

आता अनोळखी प्रोजेक्ट आला की मी तो जुन्या, मोकळ्या लॅपटॉपवर उघडतो. त्यावर ना पासवर्ड, ना गिऱ्हाइकाचं काही. इन्स्टॉल करताना 'इग्नोअर-स्क्रिप्ट्स' लावतो, म्हणजे ते आपोआप चालायचे हुकूम चालत नाहीत. स्वतःच्या कामासाठी पीएनपीएम या एनपीएमसारख्याच दुसऱ्या साधनावर गेलोय, त्याच्या दहाव्या आवृत्तीपासून खाली उतरणाऱ्या पॅकेजांचे हे आपोआप चालणारे हुकूम मुळातच बंद असतात. पण हे अर्धंच झालं. इन्स्टॉलच्या वेळी गप्प बसलेलं पॅकेज प्रोजेक्ट चालू केल्यावर जागं होऊ शकतं, म्हणून जुना लॅपटॉप लागतोच. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम बंद डब्यात वेगळा चालवायची सोय, वापरणाऱ्यांनी आपल्या सगळ्या फायलींचं होम फोल्डर त्यात जोडून ठेवलं असेल तर डॉकर असून नसून सारखंच.

आणि त्या मुलाखतीत जे दिसत होतं आणि मी बघितलं नाही ते: बाईंच्या मेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाईटच्या नावाशी जुळत नव्हता, शेवटी एक शब्द जास्तीचा होता. प्रोजेक्टच्या कोडमधल्या बदलांचा सगळा इतिहास एकाच दिवशी तयार झालेला. त्या पॅकेजचं पान उघडलं असतं तर 'नऊ दिवसांपूर्वी' हे तिथंच लिहिलेलं होतं. आता ते पॅकेज काढून टाकलंय, म्हणून नाव लिहीत नाही. नाव रोज बदलतं.

हे सगळं लिहायचं मी टाळत होतो. लाज वाटत होती. पण परवा भाचा घरी आला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, एक भारी इंटर्नशिप आलीया, आज रात्री टेस्ट हाय," म्हणत त्यानं मोबाईल पुढं केला. कंपनीचं नाव वेगळं, बाई वेगळ्या. मजकूर अक्षरशः तोच, अगदी एक स्पेलिंग चुकलंय तेही तसंच. फोल्डर जुन्या लॅपटॉपवर घेतलं, चालवलं काहीच नाही, नुसती यादी उघडली. २९ नावं. त्याला म्हटलं, प्रत्येक नावावर बोट ठेव आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाच. सोळा नावं भराभर वाचली. सतराव्याला तिसऱ्या अक्षरावर त्याचं बोट थांबलं.