सर्व्हलेट फिल्टर: सोयाबीनचा एक हंगाम काढल्यानंतर

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी आवक आणि पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पावतीचं) सॉफ्टवेअर लिहिलंय. साधं जावातलं काम: जेएसपी (पानं), सर्व्हलेट (विनंत्यांना उत्तर देणारे क्लास) आणि ते चालवणारा सर्व्हर टॉमकॅट ९. तीसेक पानं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लॉगिन तपासणाऱ्या त्याच सहा ओळी. एका पानात त्या डकवायच्या राहिल्या आणि लॉगिन न करताच शेतकऱ्यांची खाती उघडायला लागली. त्या दिवशी सगळं फिल्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक विनंती पानाआधी तपासणाऱ्या एका क्लासमध्ये, हलवलं. त्याला आता आठ महिने झाले.

फिल्टर काही नवं नाही, २००१ च्या सर्व्हलेट २.३ या स्पेसिफिकेशनपासून (नियमावलीपासून) आहे. वेगळी लायब्ररी लागत नाही. रिक्वेस्ट पानापर्यंत पोचायच्या आधी फिल्टरची डूफिल्टर ही मेथड चालते. चेनला (पुढचे फिल्टर आणि शेवटी पान, अशी साखळी) पुढे जा म्हटलं तर जाते, नाहीतर तिथेच अडते. पहिल्याच दिवशी मी सगळ्या पत्त्यांवर फिल्टर लावला, म्हणजे लॉगिनच्या पानावरही. तो लॉगिनकडे पाठवतो, तिथे परत अडवतो, परत पाठवतो. ब्राउझरनेच शेवटी हात टेकले. लॉगिन आणि सीएसएस (पानाच्या सजावटीच्या फाइल) वगळल्यावर गाडी रुळावर आली.

खरा घाम काढला तो मराठी नावांनी. एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) यूटीएफ-८ करणारा फिल्टर होता, माझ्या लॅपटॉपवर ‘ज्ञानोबा’ व्यवस्थित यायचे. दुकानाच्या सर्व्हरवर मात्र एकेका अक्षराची तीन-तीन वेडीवाकडी चिन्हं. दोन रात्री डेटाबेसला शिव्या घातल्या. निघालं असं की, नोंदी ठेवणारा माझाच दुसरा फिल्टर आधी चालून गेटपॅरामीटरने फॉर्ममधली माहिती वाचत होता, आणि एकदा ते वाचलं की नंतर एन्कोडिंग बदलून उपयोग नसतो. दोन्ही फिल्टर ॲनोटेशनने, म्हणजे क्लासवरच खूण लिहून, लावलेले. त्यांचा क्रम कोणता, हे स्पेसिफिकेशन सांगतच नाही. वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये मॅपिंग (कोणता फिल्टर कोणत्या पत्त्यांना) ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने चालतात. तेव्हापासून माझ्याकडे ॲनोटेशन बंद.

दुसरी चूक ऐन हंगामातली. दोन मुनीम एकाच वेळी पट्ट्या काढत होते. एक जण फोनवर म्हणाला, “सर, ही पट्टी म्या काढलीच न्हाई, माझं नाव कसं काय आलं?” कारण मी वापरकर्त्याचं नाव फिल्टरच्या क्लासमध्येच व्हेरिएबल करून ठेवलं होतं. फिल्टरचा ऑब्जेक्ट एकच, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) अनेक. शेवटी जो आला त्याचं नाव दोघांना. आता ते त्या-त्या रिक्वेस्टच्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवतो. आधीच्या तीन दिवसांच्या पट्ट्या मात्र मुनिमांना शेजारी बसवून हाताने तपासाव्या लागल्या. चहा माझ्याकडून.

सेंडरीडायरेक्टनंतर (दुसऱ्या पानाकडे पाठवल्यावर) रिटर्न लिहायला विसरू नका. नाहीतर पाहणाऱ्याला लॉगिनचं पान दिसतं आणि मागे ‘खोडा’ची विनंती निवांत पूर्ण होते. हे वेळीच ध्यानात आलं.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवर असाल तर त्यातला फिल्टरसारखाच इंटरसेप्टर बघा. कोणता कंट्रोलर (विनंती हाताळणारा क्लास) चालणार हे त्याला माहीत असतं, फिल्टरला नसतं. माझ्या तीस पानांना त्याची गरज पडली नाही. टॉमकॅट १० वर जायचं तर जावाएक्स.सर्व्हलेटची सगळी इम्पोर्ट जकार्ता करावी लागणार. ते काम तुरीची आवक ओसरल्यावर.