परदेशात लॅपटॉपला नेट: रोमिंग, तिथलं सिम की ई-सिम?

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सिमच्या काउंटरवरची मुलगी भलतीच तरबेज होती. पासपोर्टचा फोटो काढला, पिनेने फोनचा ट्रे बाहेर ओढला, माझं मुंबईचं सिम उचललं, तिथलं बसवलं आणि माझं सिम एका रिकाम्या पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवून हातात दिलं. पाच मिनिटंही लागली नसतील. 299 बाट, म्हणजे तेव्हाचे साधारण सातशे रुपये. आठ दिवस, 15 जीबी. टॅक्सीतच लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला आणि नेट सुसाट. नुसते पैसे बघायचे तर यापेक्षा स्वस्त काही मला अजून सापडलेलं नाही.

तो पुठ्ठा मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शर्ट हॉटेलच्या लाँड्रीत गेला.

फोनला सिमचे दोन खण असतात हे मलाही ठाऊक आहे. पण आपल्याकडे दुसरा खण रिकामा कुणाचा असतो? माझ्या दुसऱ्या खणात ऑफिसचा नंबर. मुलीने नेमकं बँकेला जोडलेलं सिम काढलं. मी तिथेच उभा होतो, "ते नको, दुसरं काढ" म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

तिसऱ्या रात्री चियांग माईचं तिकीट काढायला बसलो. कार्ड नंबर, सीव्हीव्ही, आणि मग तो चौकोन: ओटीपी टाका. आकडे उलटे मोजले जातायत, "पुन्हा पाठवा" दाबतोय, परत आकडे. शेवटी बायकोने मुलुंडहून तिच्या कार्डावर तिकीट काढून पाठवलं. सोबत तिने काय ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. परत आल्यावर दुकानातून डुप्लिकेट सिम घेतलं, तर आणखी एक गंमत: सिम बदललं की पहिले 24 तास एसएमएस बंद. सिम-स्वॅप करून, म्हणजे आपल्या नंबरचं सिम परस्पर काढून, खाती साफ करणाऱ्यांना अडवायला केलेला नियम आहे, योग्यच आहे. पण म्हणजे घरी पोचूनही आणखी एक दिवस मी स्वतःच्या बँकेसाठी परकाच होतो.

एवढ्याशा सिमने माझा निर्णय केला. आपलं सिम जागचं हलवायचं नाही, बाकीचं सगळं त्यानंतर. तुमचं काम ओटीपीवाचून अडत नसेल, किंवा दुसरा खण खरंच मोकळा असेल, तर तुमचा हिशेब वेगळा निघू शकेल.

आपल्याच कंपनीचं रोमिंग पॅक घेतलं की हा त्रास मुळातच नाही. नंबर तोच, ओटीपी येतो, उतरल्या उतरल्या नेट सुरू. आणखी एक फायदा फारसं कोणी सांगत नाही: रोमिंगवर डेटा सहसा भारतातल्या नेटवर्कवरून फिरून येतो, त्यामुळे समोरच्या वेबसाइटला तुम्ही भारतातच बसलेले दिसता. पण ही पॅक फोन डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली वाटतात. सिंगापूरला तीन दिवसांसाठी घेतलं होतं. लॅपटॉपला काय कळणार आपण कुठे आहोत? त्याला वाटलं घरचंच वायफाय. विंडोजचं अपडेट उतरवलं, फोटो क्लाउडवर चढवले, आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत कोटा संपत आल्याचा मेसेज. चूक माझी, हॉटस्पॉटला "मीटर्ड" (म्हणजे डेटा मोजका आहे, जपून वापर) अशी खूण करायला विसरलो होतो. (मॅकवाल्यांनी "लो डेटा मोड" चालू करावा.) तरी तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण एक जीबी जातोच, आणि रोमिंगच्या भावात तो जीबी मला टोचतो.

पॉकेट वायफाय, म्हणजे खिशात मावणारी वायफायची डबी, मी स्वतः वापरलेलं नाही. ताई आणि भावोजींनी जपानला भाड्याने घेतलं होतं. डबी भावोजींच्या बॅगेत. शिंजुकू स्टेशनात दोघांची चुकामूक झाली आणि ताईकडे ना नेट, ना नकाशा. कुटुंबाने चिकटून फिरायचं असेल तर बरं असावं. रोज रात्री चार्ज करायला आणि परतताना जमा करायला आणखी एक वस्तू, एवढं लक्षात ठेवा.

राहिलं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम. मागच्या वर्षी जर्मनीला जाताना घेतलं. मुलुंडला घरच्या वायफायवर, क्यूआर कोड लॅपटॉपच्या स्क्रीनवर उघडून फोनने स्कॅन केला आणि झालं. ट्रे नाही, पिन नाही, पुठ्ठा नाही. विमान रविवारी सकाळी उतरलं. जर्मनीत रविवारी विमानतळ आणि मोठी स्टेशनं सोडली तर दुकानं बंद, आणि प्रीपेड सिमला तिथे ओळखपत्राची नोंदणी लागते. मी मात्र बेल्टवरून बॅग येईपर्यंत मेल बघत होतो. फोनमध्ये डेटासाठी ई-सिम, एसएमएससाठी भारतीय सिम आणि त्याचं डेटा रोमिंग बंद. आयफोन असेल तर डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाऊ देणारा पर्यायही बंद करा. निघण्याआधी भारतीय नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्यायचं. आलेल्या एसएमएसला मला कधी पैसे पडले नाहीत. कॉल मात्र उचलायचा नाही. पर्सनल लोन देणारा तिथेही गाठतो आणि "नको" म्हणायचे पैसे आपल्याला पडतात.

ई-सिमही निर्दोष नाही. जीबीमागे मला ते तिथल्या सिमच्या जवळपास दुप्पट पडलं. बहुतेकांना स्वतःचा नंबर नसतो. बरीच ई-सिमं मुळात तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात, डेटा तिकडून वळसा घालून येतो, म्हणून आवाज उशिरा पोचतो. कॉलवर मी आणि क्लायंट एकाच वेळी बोलायला लागायचो आणि मग दोघंही "बोला, बोला" म्हणत थांबायचो. एक सरकारी पोर्टल तर परदेशी आयपीवरून (नेटवरच्या परदेशी पत्त्यावरून) उघडेचना. त्या संध्याकाळी एका दिवसाचं रोमिंग पॅक घेऊन काम उरकलं. आणि "अनलिमिटेड" वाचून भुलू नका. त्यात हॉटस्पॉट चालतो का आणि किती, हे आधी विचारा. लॅपटॉपवाल्याला तेवढंच महत्त्वाचं.

घ्यायचं कुठून, तेही बघावं लागतं. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत लागतं; ते नसल्यामुळे 2024च्या जानेवारीत एअरालो आणि होलाफ्लाय या ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांची अ‍ॅप इथे बंद करायला लावली होती. परवानगी असलेल्याकडूनच घ्या. आणि सहल संपेपर्यंत ई-सिम फोनमधून डिलीट करू नका, तोच क्यूआर बहुधा दुसऱ्यांदा चालत नाही.

महिनाभर एकाच देशात राहणार असाल, तर मीही कदाचित तिथलंच सिम घेईन, ट्रेला स्वतः हात घालून. युरोपात ते आणखी सोयीचं, कारण 15 जून 2017 पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशांशिवाय चालतं. स्वित्झर्लंड मात्र त्यात धरू नका. चीनला जाणाऱ्यांनी उलट करावं: तिथल्या सिमवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप अडतं, रोमिंगवर किंवा बाहेरच्या ई-सिमवर सहसा चालतं. दुबईत तिथल्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, कॉल लागत नाही, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा. चार-आठ दिवसांच्या कामाच्या फेरीला मी तरी ई-सिमच घेतो.

बँकॉकचा तो शर्ट इस्त्री होऊन परत आला होता. खिशात पुठ्ठ्याचा लगदा होता. सिम नव्हतं.