दीड लाख मैल चाललेल्या पिकअपची थरथर आणि गिअरबॉक्सचे ऑइल : काही महिन्यांनंतरचा अनुभव

टेक्सासमध्ये वापरलेली पिकअप घेताना दीड लाख मैलांच्या आकड्याने सहसा कोणी बिचकत नाही. माझी गाडी त्याच सुमाराची, सहा गिअरची ऑटोमॅटिक असून उन्हाळ्यात ती ट्रेलरही ओढते. गेल्या हिवाळ्यात ताशी ४५ मैलांच्या आसपास, ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच ठेवलेला असताना, रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून चाके गेल्यासारखी क्षणभर थरथर जाणवू लागली. जोर दिला की ती थांबे, पाय पूर्ण काढला तरी थांबे. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) किंवा टायरचा दोष असता तर कंप गाडीच्या वेगाशी बांधलेला राहिला असता आणि न्यूट्रलमध्ये गाडी नुसती घरंगळतानाही जाणवला असता. तसे होत नव्हते.

संशय टॉर्क कन्व्हर्टरमधल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातल्या, लॉक-अप क्लचवर होता. हा क्लच लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातली ऑइलमधली घसरण जवळजवळ संपते. ऑइलमधले घर्षण सांभाळणारे घटक जुने झाले, की क्लच सलग घसरण्याऐवजी पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल किंचित दाबले, तर लॉक-अप सुटतो आणि थरथर तत्काळ जाते. मात्र एवढ्यावरून निदान पक्के झाले असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. लॉक-अप लागलेला असताना इंजिन कमी आरपीएमवर भार ओढत असते, त्यामुळे कमजोर इग्निशन कॉइल किंवा झिजलेला प्लगही नेमका तिथेच मिसफायर करतो, म्हणजे इंधन नीट पेटवत नाही, आणि लॉक-अप सुटला की तोही दबतो. म्हणून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणाऱ्या उपकरणावर) मिसफायरची नोंद आणि लॉक-अपच्या घसरणीचा आकडा एकाच वेळी पाहणे आवश्यक आहे. माझ्या गाडीत मिसफायर शून्य होता आणि लॉक-अपचा आदेश गेलेला असतानाही घसरणीचा आकडा थरथरीबरोबर वरखाली होत होता.

गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे चेंबर उघडल्यावर आतल्या चुंबकावर बोटाला लागणारी, करड्या रंगाची मऊ लगदी निघाली. एवढ्या मैलांना ती साहजिक आहे. धातूचे कण किंवा कपच्या दिसल्या असत्या, तर पुढचे काम तिथेच थांबवले असते. ऑइल काळपट तपकिरी होते, पण दुधाळ गुलाबी नव्हते, हे महत्त्वाचे. रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट ऑइलमध्ये शिरले, की क्लचच्या अस्तराचा चिकटा सुटतो आणि नवे ऑइल घालून काहीही साधत नाही.

चेंबरमधून एकूण ऑइलच्या निम्म्याहून कमीच बाहेर येते, कारण बरेचसे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये राहते. एका वेळी ४० टक्के बदलले असे धरले, तर दुसऱ्यांदा बदलल्यावर नवे ऑइल ६४ टक्क्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे फिल्टरसह एकदा आणि काही शे मैलांनंतर पुन्हा एकदा, असे दोन टप्प्यांत काम केले. हस्तपुस्तिकेत सांगितलेल्या मानकाचेच ऑइल घेतले. "सर्व गाड्यांना चालते" असे लिहिलेल्या डब्यांवर माझा विश्वास नाही. थरथर थांबवणारी म्हणून छोट्या नळीत विकली जाणारी ॲडिटिव्हही (ऑइलमध्ये मिसळायची द्रव्ये) घातली नाहीत, कारण मग गुण ऑइलचा की त्या नळीचा हे कळत नाही. या गिअरबॉक्सला नेहमीसारखी डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ऑइलचे तापमान स्कॅनरवर पाहत, दिलेल्या मर्यादेतच पातळी तपासावी लागते. ऑइल तापले की फुगते, आणि इथेच घाईत काम करणाऱ्या गॅरेजांचा अंदाज चुकतो.

जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स निकामी होतो, असे अनेकजण सांगतात. माझ्या मते यात कारण आणि परिणाम उलटे धरले जातात : गिअर घसरू लागल्यावरच लोक ऑइल बदलतात, आणि तोवर आतले क्लच संपलेले असतात. माझ्या गाडीत गिअर घसरत नव्हते, म्हणूनच हा खर्च मला रास्त वाटला.

पहिल्या बदलानंतर थरथर कमी झाली, दुसऱ्यानंतर रोजच्या वापरात ती जाणवेनाशी झाली. ऐन उन्हाळ्यात जड ट्रेलर घेऊन लांब चढ चढताना मात्र क्वचित हलका कंप येतो. टो-हॉल मोड (ओझे ओढतानाची सेटिंग) लावला की वरचा गिअर लवकर पडत नाही आणि कंप थांबतो. घसरणीचा आकडा मी अधूनमधून पाहतो, आणि तो पुन्हा वाढला तर तिसऱ्यांदा ऑइल न बदलता कन्व्हर्टरच उतरवायचा, असे मॅकेनिकशी ठरवून ठेवले आहे.