नांदेडच्या लंगरमधील पंगत

नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब या शिखांच्या गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी आम्ही पतिपत्नी नुकतेच जाऊन आलो आणि तेथील लंगरमध्ये, म्हणजे सर्वांसाठी मोफत चालणाऱ्या सामुदायिक भोजनात, दोन दिवस जेवलो. जेवणाविषयी अभिप्राय लिहिताना चव, दर आणि वाढप यांचा विचार केला जातो. येथे दर नाही, कोणी जात किंवा धर्म विचारत नाही. डोके झाकायचे, पादत्राणे बाहेर ठेवायची, हात धुवायचे आणि पंगतीत जमिनीवर बसायचे, एवढीच शिस्त आहे.

ताटात डाळ, भाजी, भात, रोटी आणि खीर होती. डाळ दाट आणि मंद आचेवर मुरलेली होती. रोटीला येथे ‘परशादा’ म्हणतात आणि ती दोन्ही हात पुढे करून घ्यावी लागते. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी सवयीने एकच हात पुढे केला, तेव्हा सेवादार काही न बोलता हसतमुखाने थांबून राहिले आणि दुसरा हात पुढे येताच त्यांनी रोटी ठेवली. खिरीचा उल्लेख मुद्दाम करतो. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरमधील तुपाच्या खिरीचा गौरव प्रत्यक्ष गुरू ग्रंथ साहिबात, शिखांच्या धर्मग्रंथात, आहे.

हे अन्न ज्या श्रद्धेवर चालते, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. आमच्या घरातील कमाई चार महिन्यांपासून थांबलेली असल्यामुळे मी चिंता घेऊनच नांदेडला गेलो होतो. रहिरास या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या पाठात पाचव्या गुरूंचे, अर्जनदेवांचे, एक पद येते. मना, तू कशाला काळजी करतोस, असे विचारून ते सांगतात की दगडाच्या पोटात जन्मलेल्या जीवाचा घासही देवाने त्याच्यापुढे आधीच ठेवलेला असतो आणि पिल्ले मागे ठेवून शेकडो कोस उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या त्या पिल्लांनाही कोणीतरी भरवतोच. गुरू ग्रंथ साहिबातच संतकवी भगत धन्ना देवाकडे डाळ, शिधा, तूप, जोडे, कपडे आणि दुभती गाय-म्हैस अगदी मोकळेपणाने मागतात. रोजच्या गरजेची गोष्ट देवाकडे मागण्यात संकोच कसला, हे मला तेथे प्रथमच उमगले. ज्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत, त्यात हा सूर सापडावा याचा मराठी माणूस म्हणून विशेष आनंद झाला.

मात्र हा भरवसा हात जोडून बसण्याचा नाही. शीख परंपरेत ईश्वराच्या आज्ञेला ‘हुकूम’ म्हणतात; त्या हुकमात राहायचे, कष्टाची कमाई करायची आणि तिचा दहावा भाग, म्हणजे दसवंध, इतरांसाठी काढायचा, अशी शिकवण आहे. लंगरमधील पीठ, डाळ आणि तूप अशाच हातांतून येते आणि रांधणारे, वाढणारे, भांडी घासणारे बहुतेक जण विनामोबदला सेवा करतात. उद्याचे काय, हा प्रश्न मला तेथे कोणाच्या चेहऱ्यावर दिसला नाही, कारण उद्याची कणीक मळणारे हात आजच समोर काम करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही सेवेसाठी गेलो. पत्नीला रोट्या लाटण्याच्या ओळीत जागा मिळाली आणि मला लसूण सोलण्याचे काम मिळाले. अमृतसरहून येणाऱ्यांसाठी सचखंड एक्सप्रेस आहे. महाराष्ट्रातील वाचकांनी शक्य असल्यास एक रात्र तरी मुक्काम ठेवावा, म्हणजे संध्याकाळचा पाठ ऐकता येतो आणि सकाळी सेवेला बसता येते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना खाली बसणे अवघड जाऊ शकते, म्हणून सोबत कोणीतरी असावे. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून घासण्याच्या जागी न्यायचे आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.