पाऱ्याचा बॅरोमीटर की बॅरोग्राफ?

ऋतूंची नोंद ठेवण्यासाठी हवेचा दाब मोजणारं जुनं यंत्र दुरुस्त करायचं असेल, तर मी डोळे झाकून बॅरोग्राफ, म्हणजे दाब आपोआप कागदावर नोंदवणारं यंत्र, घेईन. त्यात हवा काढून घेतलेल्या धातूच्या डब्या असतात. हवेचा दाब वाढला की त्या चेपतात, घटला की फुगतात, आणि तरफेच्या टोकाची लेखणी आठवड्यात एक फेरी घेणाऱ्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढत जाते. वादळाआधी ती घसरताना पाहावी! पुष्कळदा घट्ट झालेलं तेल पुसून नळकांडं फिरवणारं घड्याळयंत्र साफ केलं की काम भागतं.

इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीच्या १६४३ च्या प्रयोगातून आलेला पाऱ्याचा बॅरोमीटर अचूकतेत सरस, पण प्रत्येक नोंद आपणच घ्यायची, वर तापमानाची दुरुस्ती. शिवाय पाऱ्याची वाफ विषारी. नळी तडकलेली असेल तर घरी हात लावू नका.